वाफशाच्या दिवशी

आजोबा बैल घ्यायला बाजारात गेले की आधी जबडा उघडून दात बघायचे. दोनदाती, चारदाती, जुळलेला. मग खांद्यावरून हात फिरवायचे, चालवून बघायचे. आमची जमीन पावणेचार एकर, काळी, चिकट. मी शाळेत असताना बैलजोडी विकली आणि घरात ट्रॅक्टरची वाट बघणं सुरू झालं.

काळ्या रानात पाऊस उघडला की वाफसा दोन-तीन दिवसच टिकतो. घाई केली तर चिखल, उशीर झाला तर ढेकळं. भाड्याचा ट्रॅक्टर आधी मोठ्या रानात जाणार. आमच्या तुकड्यासाठी वाट वाकडी कोण करणार? वडील रस्त्यावर जाऊन उभे राहायचे. लांबून आवाज आला की दोन पावलं पुढं व्हायचे. आवाज ओढ्याकडच्या वाटेनं विरत जायचा. ते दोन पावलं मागं येणं मी अजून विसरलेलो नाही.

म्हणून कमावता झाल्यावर जुना ट्रॅक्टर घेतला, चांगला पन्नास एचपीचा. रंग नवा, टायर नवे. बघायला गेलो तेव्हा इंजिन तापवून ठेवलेलं होतं. थंडी पडली तसा निळा धूर ओकू लागला, ऑइल खाऊ लागला. लायनर-पिस्टन बदलावे लागले. आरसी बुकावरचा बँकेचा बोजा तर त्याहून जड निघाला. तो उतरवायला फॉर्म 35 वर बँकेची सही मिळवताना एक अख्खा हंगाम गेला. शिवाय बांधाशी वळताना निम्मं रान तुडवायचा. तीन वर्षांत विकला.

दुसऱ्या वेळी वडिलांना सोबत नेलं. आदल्या दिवशी मालकाला निरोप धाडला, आम्ही येईपर्यंत चालू करू नका. वडिलांनी आधी इंजिनवर तळहात ठेवला. गार होतं. मग किल्ली फिरवायला सांगितली. ऑइलचं झाकण काढून आतून धूर येतो का पाहिलं, रेडिएटरच्या पाण्यावर तवंग नाही ना पाहिलं. नांगर लिफ्टवर उचलला, इंजिन बंद केलं आणि फाळाखाली वीट सरकवली. मध्ये चार बोटं अंतर. चहा घेऊन परत आलो, तर तीन बोटं उरलं होतं. "एवढं चालतंय," वडील म्हणाले. बैलाच्या खांद्यावर आजोबा ठेवायचे तसा त्यांचा हात मडगार्डवर होता.

तो स्वराज 724, पंचवीस एचपी, दोन सिलिंडरचा. या कंपनीचा पहिला ट्रॅक्टर 1974 साली आला, दुर्गापूरच्या आपल्याच संशोधन संस्थेत आखलेला. मला मात्र मोलाचं हे की त्याचा सुटा भाग तालुक्याच्या गावी मिळतो, फिटरला तो पाठ आहे आणि डाळिंबाच्या दोन ओळींतून तो अलगद निघतो. लहान रानाला ताकद थोडी पुरते. वेळेला दारात उभा असणारा हवा.

गेल्या जूनमध्ये पाऊस उघडल्यावर वडील पहाटेच रानात गेले. मूठभर माती दाबली, गोळा झाला. खाली टाकला, फुटला. तिथूनच त्यांनी हाक मारली, "काढ रे ट्रॅक्टर!"