तारेची उंची

गाण्यात ज्याच्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही, पण काढून टाकले तर सारे गाणे पोकळ वाटू लागते, असे वाद्य म्हणजे बेस गिटार. राहुलदेव बर्मन यांच्या वादकवृंदात टोनी वाझ यांनी वाजविलेला खर्ज अनेकांच्या कानात मुरलेला आहे. वादकाचे नाव मात्र फार थोड्यांस ठाऊक असते. नागपुरात लग्नसराईत आणि गणेशोत्सवात ऑर्केस्ट्रा उभे राहतात, त्यांतही हा वादक ड्रमच्या आडोशाला, मागच्या रांगेत असतो. आम्ही या शहरात बरीच वर्षे हे वाद्य हौसेने वाजवीत आलो आणि हळूहळू स्वतःची व मित्रांची वाद्ये जुळवून देऊ लागलो. त्यातून एका क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नाने आम्हांस बराच काळ गुंतवून ठेवले आहे. तार फ्रेटपासून किती उंच असावी?

या उंचीला वादक ‘ॲक्शन’ म्हणतात. ती जास्त असेल तर तार दाबायला जोर लागतो, मनगट दुखते आणि दाबताना तार अधिक ताणली गेल्यामुळे स्वरही चढतो. ती फार कमी असेल तर कंप पावणारी तार फ्रेटवर आपटते आणि स्वरात खरखर मिसळते. योग्य जागा या दोहोंच्या मधे असते, आणि ती जागा फार अरुंद असते. बाराव्या फ्रेटवर दोन ते अडीच मिलिमीटर हे अंतर बहुतेकांस मानवते. तीन झाले की हाताला कळते, चार झाले की हात तक्रार करू लागतो.

हे अंतर एकाच स्क्रूने ठरत असते तर लिहिण्यासारखे काही नव्हते. पण त्यामागे वाद्याची मान, म्हणजे नेक, उभी असते. बेसच्या तारेची कंप पावणारी लांबी साधारणतः ३४ इंच असते आणि चार तारांचा एकत्रित ताण पाऊणशे किलोच्या आसपास जातो. एका धडधाकट माणसाचे वजन त्या लाकडी पट्टीला रात्रंदिवस पुढे ओढत असते. तिला तोल देण्यासाठी नेकच्या पोटात पोलादी सळई बसविलेली असते. तिचे नाव ट्रस रॉड. अमेरिकेतील कालामाझू येथील गिब्सन कंपनीत काम करणाऱ्या थॅडियस मॅकह्यू यांनी १९२१ साली तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. ॲलन कीने ही सळई आवळली की नेक मागे जाते, सैल केली की तारा तिला पुढे ओढतात.

नेक अगदी सरळ असावी असे नवशिक्यास वाटते. ते खरे नाही. कंप पावताना तार मधल्या भागात सर्वांत जास्त झुलते. बेसची जाड तार सेकंदाला जेमतेम ४१ वेळा हेलकावते आणि तिचा झोका डोळ्यांना दिसण्याइतका रुंद असतो. त्या झोक्याला जागा मिळावी म्हणून नेकला किंचित खोलगट बाक ठेवावा लागतो. तो मोजण्याची रीत सोपी आहे. वाद्य सुरात लावावे, जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून धरावी. तीच तार आता सरळ पट्टीचे काम करते. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली जी फट दिसते ती एक तृतीयांश मिलिमीटरच्या आसपास असावी. मोजण्यासाठी आम्ही गॅरेजमध्ये टॅपेटचे अंतर पाहायला वापरतात ते फिलर गेज वापरतो. सळई एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये, फिरवल्यावर तारा पुन्हा सुरात आणाव्यात आणि लाकडाला एक रात्र द्यावी. आधी बाक, मग ब्रिजवरच्या सॅडलची उंची, आणि सर्वांत शेवटी सॅडल मागे-पुढे करून बाराव्या फ्रेटचा स्वर तपासणे, हा क्रम मोडला तर केलेले काम पुन्हा करावे लागते.

एवढ्यावर काम संपत असेल ते दुसऱ्या एखाद्या गावात, नागपुरात नाही. येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि दुपारच्या हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली उतरते. तीच ऑगस्टात ८० च्या घरात पोहोचते. लाकूड या हवेबरोबर श्वास घेते. चैत्र-वैशाखात फिंगरबोर्ड आडवा आक्रसतो, धातूचे फ्रेट मात्र आक्रसत नाहीत. नेकच्या कडेवरून अंगठा फिरविला की फ्रेटची टोके करवतीसारखी लागतात. त्यात घरोघरी कूलर. दिवसभर बंद खोलीत कोरडे राहिलेले वाद्य संध्याकाळी वाळ्याच्या ओल्या वाऱ्यासमोर ठेवले, तर आठवडाभरात त्याचा बाक बदललेला आढळतो. प्रत्येक नेकचा स्वभाव निराळा. आमची पावसाळ्यात पुढे झुकते आणि तारा उंच होतात; एका मित्राची बरोबर उलटे वागते. आमच्या दाराची चौकट दुरुस्त करायला आलेल्या वृद्ध सुताराने आषाढात न लागणाऱ्या दाराकडे पाहून म्हटले होते, “लाकूड कापलं म्हून मरत नाही भाऊ, पाणी पेतच राह्यते.” ट्रस रॉडविषयी याहून नेमके वाक्य आम्ही कोणत्याही माहितीपुस्तकात वाचलेले नाही.

हे सारे येथे मांडण्याचे कारण निराळे आहे. आमच्या परिचयातील एका तरुणाने हौसेने जुना बेस घेतला. तारा उंच होत्या. बोटांना फोड आले, मनगट सुजले. ज्येष्ठ वादकांनी त्याला सांगितले की बोटे कमवावी लागतात, रियाज वाढव. त्याने वाढविला. वर्षभराने आपला हातच लहान आहे, हे वाद्य आपल्यासाठी नाही, असे त्याने ठरविले आणि वाद्य पलंगाखाली गेले. पुढे ते विकण्यापूर्वी आमच्याकडे तपासायला आले, तेव्हा बाराव्या फ्रेटवर तार पाच मिलिमीटरवर होती. नेक पुढे वाकलेली, सॅडल वर चढलेले. दोन संध्याकाळी काम केल्यावर ती अडीचवर आली. त्याने दहा मिनिटे वाजवून पाहिले. त्याला आनंद होईल अशी आमची अपेक्षा होती. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, “म्हंजे माह्या हातात काईच खोट नव्हती तं?”

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्याचे गेलेले वर्ष कुणी परत देऊ शकत नाही. पण ‘बोटे कमवावी लागतात’ हे वाक्य त्यानंतर आम्हांस पूर्वीसारखे ऐकवत नाही. कष्टाला आपल्याकडे मान आहे आणि तो असावाच. परंतु जेथे वाद्याचा दोष वादकाच्या माथी मारला जातो, तेथे रियाज हा शब्द केवळ आळसावर पांघरूण घालतो: वाद्य तपासण्याच्या आळसावर.

आणि हे परंपरेचे मत म्हणावे, तर परंपरा नेमके उलट सांगते. मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून, फरीदसाहेब सितारमेकर यांच्यापासून, तंबोरे घडविले जात आहेत. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा सपाट नसतो, त्याला अगदी हलका उतार असतो, आणि तार त्या उतारावर घासत कंप पावते. त्या घासण्यालाच जवारी म्हणतात. बेसवर जो दोष, तो तंबोऱ्यावर प्राण. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी या घोडीचे कोडे १९२१ साली शास्त्रीय निबंधात मांडले: तार जेथे छेडली तेथे जे उपस्वर नियमाप्रमाणे उमटूच नयेत, तेही तंबोऱ्यात स्पष्ट ऐकू येतात. वित्तखात्याच्या नोकरीत असताना रामन काही काळ नागपुरात होते, ही आम्हां नागपूरकरांच्या अभिमानाची बाब. पण आम्हांस मौज वाटते ती सालाची. त्याच वर्षी कालामाझूत ताणलेल्या तारांपुढे मान वाकू नये यासाठी सळईच्या पेटंटचा अर्ज होत होता, आणि इकडे तार लाकडाला हलकेच टेकते तेव्हा काय घडते याचा शोध चालला होता.

जवारी एकदा काढली की कायमची राहत नाही. तारेखाली दोरा केसभर सरकविला तरी स्वर मिटतो किंवा उमलतो, आणि वापराने घोडी झिजली की ती पुन्हा घासावी लागते. मिरजेशी ज्यांचे नाव जोडले गेले त्या अब्दुल करीम खाँसाहेबांचा हात वाद्यदुरुस्तीतही चालत असे. एवढा मोठा गायक आपला तंबोरा आधी दुरुस्त करी, मग गाई. मैफलीत तंबोरे लागेपर्यंत श्रोते निमूटपणे थांबतात. तो वेळ वाया गेला असे कुणी म्हणत नाही. लावणे हा गाण्याचाच भाग आहे, हे आपण तंबोऱ्याच्या बाबतीत केव्हाच मान्य केले आहे. मागच्या रांगेतल्या बेसवाल्याला तेवढीच सवलत द्यायला काय हरकत आहे?

तेव्हा शिकणाऱ्यास आणि शिकविणाऱ्यास आमचे सांगणे एवढेच. हात दुखू लागला तर आधी फिलर गेज घ्यावे, तार दाबून फट पाहावी, बाराव्या फ्रेटवर अंतर मोजावे. मृग लागला की एकदा आणि कूलर बाहेर निघाला की एकदा, वर्षातून निदान दोन वेळा. वाद्य ठीक निघाले तर मग खुशाल रियाज वाढवावा. हाताची परीक्षा घ्यावीच, पण ती वाद्याची परीक्षा झाल्यावर.