सोनं गिरणेत नाही, गल्लीत आहे

माझा भाचा बेंडिगोला राहतो. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात 1851 साली सोन्यासाठी माणसांची जी रीघ लागली, त्यातलं हे एक मोठं गाव. तिथे थोडी फी भरली की हौशी माणसालाही दहा वर्षांचा परवाना मिळतो. सुट्टीच्या दिवशी लोक ओढ्याकाठी माती धुतात, आणि सापडलेलं सोनं त्यांचंच. गेल्या दिवाळीत तो जळगावला आला तो खाचांची प्लॅस्टिकची थाळी घेऊनच. "मामा, जळगावला सुवर्णनगरी म्हणतात ना? मग गिरणेत बघू या."

मी कॉलेजात भूविज्ञान शिकवलं आहे. गिरणा नदीत सोनं का नाही हे घरात बसून सांगण्यापेक्षा पात्रात उभं राहून सांगणं मला बरं वाटलं. आपल्याकडे खनिज शोधायलाही 1957 च्या कायद्याप्रमाणे सरकारची परवानगी लागते, हे त्याला आधीच बजावलं. दोन मुठी रेती धुवायची, बघायची आणि तिथेच सोडायची, एवढंच ठरलं.

त्याने थाळी सराईतपणे फिरवली. हलकी रेती वाहून गेली आणि तळाशी काळीभोर रेती उरली. तो खूश झाला, कारण तिकडे काळी रेती दिसली की तिच्याखाली सोनं असण्याची आशा असते. मी खिशातून लोहचुंबक काढून थाळीवर फिरवला. जवळजवळ सगळी रेती त्याला चिकटून वर आली. ते मॅग्नेटाइट होतं, बेसॉल्ट झिजून आलेलं. खानदेशची जमीन सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याची आहे. एक टन बेसॉल्टमध्ये सोनं असतं काही मिलिग्रॅम. खाण चालायची तर टनाला ग्रॅममध्ये मोजण्याइतकं सोनं हवं, आणि ते साठतं फार जुन्या खडकांतल्या गारगोटीच्या शिरांमध्ये. म्हणून कर्नाटकात हट्टीला खाण आहे, आपल्याकडे नागपूर-भंडाऱ्याच्या साकोली पट्ट्यात सोन्याच्या नोंदी आहेत, आणि बालाघाट-मंडल्यापासून छत्तीसगडपर्यंत नद्यांची वाळू धुऊन पोट भरणारे सोनझारी पिढ्यान्‌पिढ्या होते.

"मग इथे कोणीच सोनं शोधत नाही?" त्याने विचारलं.

शोधतात. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मी त्याला सुभाष चौकाजवळच्या सराफ बाजारात नेलं. दुकानांची शटर्स बंद होती. एक बाई लहान ब्रशने पायऱ्यांच्या सांदी झाडत होती, तिचा मुलगा गटारातला गाळ डब्यात भरत होता. कानस चालवताना उडालेला कीस कारागिराच्या कपड्यांना, केसांना, चपलांना चिकटतो आणि त्याच्याबरोबर गल्लीत येतो. आतला केर दुकानदार जपून ठेवतात. शेगडीची राख, फुटलेली मूस, हात धुतलेलं पाणी, यातलं काही फेकलं जात नाही. बाहेरची धूळ मात्र या माणसांच्या वाट्याला येते. यांना झारेकरी म्हणतात.

बाई धुळ्याकडच्या होत्या. भाच्याने "मावशी, तुमचं काम बघू का?" असं विचारल्यावर त्यांनी आम्हाला घरी यायला सांगितलं. आधी माती जाळली, म्हणजे सूत, कागद, केस गेले. मग कुटून चाळली, लोखंडाचा कीस चुंबकाने काढला आणि परातीत पाणी घेऊन धुवायला बसल्या. त्यांचं मनगट इतकं थोडं हलत होतं, की पाणी परातीच्या कडेवरून एका बारीक रेघेत पडत होतं. "जे जड राहस ते खाले बसस," त्या म्हणाल्या. सोनं पाण्याच्या एकोणीस पट जड, मॅग्नेटाइट पाच पट. माझ्या तासाला मी हे आकडे फळ्यावर लिहीत असे. त्या ते हातांनी ओळखत होत्या. भाच्याने आपली थाळी बाजूला ठेवली आणि त्यांच्यासमोर मांडी घालून शिकायला बसला.

पुढचा भाग मला पाहवला नाही. उरलेल्या गाळात त्यांनी पारा ओतला, उघड्या बोटांनी मळला, फडक्यातून पिळला आणि तो गोळा चुलीवर ठेवला. पारा उडून जातो, सोनं मागे राहतं. तो उडालेला पारा त्याच खोलीतल्या माणसांच्या छातीत जातो, मेंदू आणि मज्जातंतूंवर घाला घालतो. पाऱ्याचा वापर आवरण्याच्या मिनामाता कराराला भारताने 2018 साली मान्यता दिली. त्या खोलीपर्यंत तो करार पोचलेला नव्हता. शेजारी नातू झोपला होता. मी त्याला आधी बाहेर न्यायला लावलं.

फिलिपिन्समधल्या बेंगेत प्रांतातले छोटे खाणकामगार पाऱ्याऐवजी सवागी वापरतात, म्हणजे आपला टाकणखार. गाळात सवागी मिसळून मुशीत तापवली की बाकीची खनिजं कमी उष्णतेत वितळतात आणि सोनं तळाशी गोळा होतं. सोनाराला सवागी नवी नाही. अडचण होती भट्टीची. सोनं 1064 अंशांना वितळतं, चुलीवर ते होत नाही.

ओळखीच्या एका बंगाली कारागिराला सांगितलं. काम आटोपल्यावर भट्टी गरम असतेच, तेव्हा या, असं तो म्हणाला. मावशींनी थोडाच गाळ आणला, सगळा पणाला लावायची त्यांची तयारी नव्हती आणि ते योग्यच होतं. मूस थंड झाल्यावर काचेसारखा मळ फोडला, खाली मळकट पिवळा मणी निघाला. तांबं-चांदी मिसळलेलाच, पण पाऱ्याने निघतो तोही तसाच असतो. त्यांनी तो काट्यावर ठेवला, वजन दोनदा पाहिलं, मणी पदराला बांधला आणि कारागिराला विचारलं, "सवागी कितलाले भेटस?"