लेडीज गाडी

‘चालवणे’ हे ‘चालणे’चे प्रयोजक रूप, असे आपण वर्गात शिकवतो. कर्ता स्वतः चालत नाही, दुसऱ्याला चालायला लावतो. माझ्या माहेरी, सायखेड्यात, या क्रियापदाचा कर्ता गेल्या तीन पिढ्यांत बदललेला नाही. आजोबा बैलगाडी चालवीत, वडील ट्रॅक्टर, दादा ट्रॅक्टर आणि पिकअप दोन्ही. घरातल्या बायकांच्या वाट्याला आले ते ‘बसणे’, आणि ते अकर्मक आहे. म्हणून माझ्या बावीस वर्षांच्या भाचीने मागच्या उन्हाळ्यात “मला गाडी घ्यायचीय आणि मीच चालवणार” असे जाहीर केले, तेव्हा घरात जो वाद उसळला तो पैशाचा असेल असे मला आधी वाटले. तो पैशाचा नव्हता. वाद गिअरचा होता.

भाची नाशिकच्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते. आठवड्यातून तीन दिवस तिची पाळी रात्री नऊला सुटते, आणि त्यानंतर सायखेड्याला पोचायचे तर कुणाच्या तरी दुचाकीवर मागे बसणे किंवा नाशिकला माझ्याकडे मुक्काम करणे एवढेच मार्ग उरतात. तिची वर्षभराची शिल्लक आणि उन्हाळ कांद्याच्या पैशातून दादाने द्यायचे कबूल केलेला वाटा मिळून साडेचार लाख होत होते. एवढ्यात लहान आणि वापरलेलीच गाडी येणार, याबद्दल दोघांचे एकमत होते. मात्र तिला क्लच नसलेली हवी होती. दादाचे म्हणणे असे, की गिअर आला नाही तर गाडी आली नाही. “पोहायला शिकायचं तर गंगेत, टाकीत नाही,” तो म्हणाला. (आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात.)

हा दृष्टान्त घरात सर्वांना पटला, आणि दृष्टान्त पटला की आपल्याकडे मुद्दाही पटल्यासारखा होतो. मला तो पटेना. मी तिच्या रस्त्याचा विचार करीत होते. सायखेड्यातून निघाले की आधी उपबाजाराबाहेरची कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग, मग गोदावरीचा पूल, पलीकडे चांदोरी, तिथून महामार्ग. गळीत हंगामात याच रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या एकीमागे एक जोडून चालतात. त्यांच्या पाठीमागे बऱ्याचदा दिवा नसतो, आणि अंधारात ट्रॉलीबाहेर आलेली उसाची वाढी अगदी जवळ गेल्यावरच दिसतात. शेवटी द्वारका चौक, जिथे गाडी चालवणे म्हणजे पाच-पाच फूट सरकणे. नवशिक्याचे लक्ष म्हणजे काही अथांग डोह नव्हे. ते एका ठिकाणी वाहिले तर दुसरीकडे आटते. डावा पाय क्लचवर, डावा हात दांडीवर, कान इंजिनाच्या सुरावर असताना समोरच्या अंधारात ट्रॉली आहे की नुसता अंधारच आहे हे पाहायला जे उरते, ते मला अपुरे वाटत होते. महिना-दोन महिन्यांनी हात आपोआप चालू लागतात हे खरे. पण हे दोन महिने ती याच रस्त्यावर काढणार होती.

कायद्यालाही दादाचे म्हणणे मान्य नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात परवान्याचे वर्ग सांगितले आहेत, त्यांत दुचाकीची ‘गिअरसह’ आणि ‘विनागिअर’ अशी फोड आहे, हलक्या मोटारीची नाही. ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिकवर परीक्षा दिलेल्याला गिअरची गाडी चालवता येत नाही, त्याचा परवाना तेवढ्यापुरताच असतो. आपल्याकडे तसे बंधन नाही. हे मी दादाला सांगितले, तर तो म्हणाला, “परवाना सरकार देतं, गाडी लोक बघतात.” यात त्याच्या मनातले खरे कारण निसटून बाहेर आले. लोक बघतात, आणि बघून म्हणतात, लेडीज गाडी.

या शब्दाचा थोडा इतिहास पाहण्यासारखा आहे, आणि तो बराचसा महाराष्ट्रातच घडला आहे. पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये लुना आणली, आणि १९८४ मध्ये होंडाशी भागीदारी करून कायनेटिक होंडा. बटण दाबले की सुरू होणारी, गिअर नसलेली ही स्कूटर. तोवर स्कूटर म्हणजे बजाज, आणि बजाज म्हणजे ती डावीकडे झुकवून, किक मारून, डाव्या मुठीने गिअर फिरवणारा पुरुष, मागे आडवी बसलेली पत्नी, पुढे उभे मूल. कायनेटिक होंडाने ही आकृती बिघडवली. नाशिकला मी शिकत असताना आमच्या महाविद्यालयातल्या दोन प्राध्यापिका तिच्यावरून येत, आणि शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सर्वजण त्या गाडीला हसून ‘लेडीज गाडी’ म्हणत. त्या हसण्याचा एक फायदा मला फार उशिरा उमगला. ज्या वस्तूला पुरुष हसतात, ती वस्तू ते मागत नाहीत. त्या दोघींची स्कूटर कुठल्याही दिराने, मुलाने वा भाच्याने ‘जरा जाऊन येतो’ म्हणून नेली नसावी.

२००१ मध्ये होंडाची ॲक्टिव्हा आली आणि काही वर्षांत तिने हा टवाळीचा शिक्का पुसून टाकला. पुरुषही निःसंकोच ती चालवू लागले. प्रगती झाली, असे म्हणायला हरकत नाही. पण आमच्या घरी वहिनीच्या नावाने घेतलेल्या ॲक्टिव्हाचे काय झाले ते मी पाहिले आहे. सकाळी तिच्यावर दुधाच्या किटल्या, दुपारी खताची गोणी, संध्याकाळी भाच्याचे मित्र. वहिनीला ती मिळे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, तेही पेट्रोल उरले असेल तर. नोंदणीपुस्तकावर नाव असणे आणि किल्ली हातात असणे यांत जे अंतर असते, त्यावर आपल्या ग्रामीण कथेने फारसे लिहिलेले नाही. तिच्यात बैलगाडी आहे, एस.टी. तर आहेच आहे. लेकी माहेरी येतात आणि सासरी जातात त्या एस.टी.नेच. किल्ली नाही.

तेव्हा ऑटोमॅटिकच, असे माझ्यापुरते ठरले. पण कोणती? इथे ‘स्वयंचलित’ हा आपला भारदस्त शब्द काही कामाचा नाही, कारण तो तीन निरनिराळ्या यंत्रांना एकच नाव देतो. पहिल्या प्रकारात इंजिनाची शक्ती तेलाच्या प्रवाहातून चाकांकडे जाते. ही गाडी सर्वांत सौम्य चालते; जुन्या गाड्यांत पेट्रोल मात्र जास्त खाते. दुसऱ्यात दोन कप्प्यांवरून एक पट्टा फिरतो आणि कप्प्यांचा व्यास कमीजास्त होत राहतो. त्यात पायऱ्याच नाहीत, सगळा उतार. तिसरा प्रकार आपल्या खिशाचा. भारतात तो फेब्रुवारी २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओबरोबर आला, मग २०१५ मध्ये नॅनोत आणि २०१६ मध्ये क्विडमध्येही. यात गिअरपेटी नेहमीची आणि क्लचही नेहमीचाच असतो. फक्त क्लच दाबणाऱ्या पायाच्या आणि दांडी ओढणाऱ्या हाताच्या जागी एक यंत्र बसवलेले असते. म्हणून गिअर बदलताना ही गाडी क्षणभर श्वास रोखल्यासारखी करते. गाडीत क्लच आहे, तो झिजतो, आणि चढावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरने गाडी थोपवून धरणाऱ्या मालकाच्या हाती तर फार लवकर झिजतो. वापरलेली घेताना ती सकाळी, इंजिन गार असताना सुरू करून पाहावी, चढावर थांबवून पुन्हा उचलून पाहावी, मागे घेऊन पाहावी, आणि दुरुस्तीची वही मागावी. वही नसेल तर मालक कितीही गोड बोलो.

गिअरपेटीपेक्षा महत्त्वाची गोष्ट साल ही होती, आणि तिच्यावर घरात कुणी बोलतच नव्हते. २०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात खपणाऱ्या पाच लहान गाड्यांच्या साध्या आवृत्त्या भिंतीवर आदळवून पाहिल्या, आणि पाचही गाड्यांना मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. त्यानंतर नियम बदलत गेले. एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या गाड्यांना चाक अडकू न देणारे ब्रेक आणि १ जुलै २०१९ पासून चालकासाठी हवेची उशी सक्तीची झाली. शेजारच्या आसनासाठीची उशी २०२१ अखेरपर्यंत सर्व गाड्यांत आली. म्हणजे २०१५ ची स्वस्त ऑटोमॅटिक आणि २०२० ची थोडी महाग ऑटोमॅटिक यांतला लाख-सव्वा लाखाचा फरक नुसत्या जुनेपणाचा नव्हता. दादा त्या लाखात संगीत, चकचकीत चाके आणि सनकंट्रोलची काच पाहत होता.

चार रविवार आम्ही गाड्या पाहिल्या. मी, भाची, दादा, आणि तिसऱ्या खेपेला हट्टाने आलेली वहिनी. त्या दिवशीची गाडी देखणी होती. २०१९ च्या जानेवारीतली, थोडीच चाललेली, नोंदणी दक्षिणेकडच्या एका जिल्ह्याची, आणि किंमत आमच्या आकड्यापेक्षा पन्नास हजारांनी कमी. दादाने मनातल्या मनात पेढे वाटले होते. वहिनी मागच्या आसनावर बसली, दार लावून घेतले आणि मिनिटभराने उतरली. “हिला पाणी लागलंय,” ती म्हणाली. विक्रेता हसला, वास एसीचा आहे, गाडी बंद होती म्हणून, असे त्याने समजावले. वहिनीने त्याच्याशी वाद घातला नाही. तिने पुढच्या आसनाखाली हात घातला, रबरी पायपुसणे उचलले, त्याखालच्या गालिच्याची कड नखाने सोडवली आणि बोटांवर आले ते अंगठ्याने चोळून दादासमोर धरले. “हा गाळ आपल्या गंगेचा नाही. पण गाळच आहे.”

ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९, गोदावरीने दोनदा सायखेडा-चांदोरीत शिरून मुक्काम केला. गंगापूर धरणातून पाणी सुटले की इथे बायका घड्याळ पाहू लागतात. पूर ओसरल्यावर भिजलेल्या गव्हाच्या कोठ्या, गाद्या, शिवणयंत्र वहिनीनेच उन्हात मांडले आहे. पाणी निघून गेल्यावर वस्तूंना जो वास महिनोन्‌महिने धरून राहतो, तो तिला एसीच्या वासापासून वेगळा काढता येतो. आणि बुडालेली गाडी गिअरची असती तर एक वेळ निभावले असते; इथे क्लच दाबणारे यंत्र आणि त्याला हुकूम देणारी वीजपेटी, दोन्ही पाण्याचे वैरी. त्या दिवशी आमच्यातल्या सर्वांत तज्ज्ञ व्यक्तीने आयुष्यात कधी स्टिअरिंगला हात लावलेला नव्हता. दादा परतताना पुलापर्यंत गप्प होता.

पुलावर तो बोलला. “ऑटोमॅटिक धक्का मारून सुरू होत नाही.” मी म्हटले, नाही होत. “मग रात्री चांदोरीच्या अलीकडं बंद पडली तर? गिअरची असती तर चार माणसं हात लावतात, गाडी निघते.” यावर माझ्याकडे चटकन उत्तर नव्हते, कारण हा आक्षेप खरा होता आणि तो गिअरबद्दल नव्हता. बंद पडलेल्या गाडीला धक्का मारणे ही आपल्याकडची एक जुनी सार्वजनिक सेवा आहे. तिच्यात ओळख लागत नाही, पैसे लागत नाहीत. दादाला मुलीच्या मागे ती चार माणसे हवी होती. भाची मागच्या आसनावरून शांतपणे म्हणाली, “बाबा, रात्री साडेनवाला रस्त्यावर चार माणसं जवळ आली, तर मी काच खाली करणार नाही.” त्यानंतर गिअरचा विषय घरात निघाला नाही. बॅटरीचा निघाला. नवी बॅटरी, तिची पावती, आणि फोन केल्यावर येणाऱ्या मदतीची वर्षाची वर्गणी एवढे दादाने आपल्या खिशातून घातले.

गाडी अखेर मिळाली ती २०२० च्या सप्टेंबरातली, नाशिकच्याच एका निवृत्त बाईंची, दुरुस्तीची वही शेवटच्या पानापर्यंत भरलेली. आकडा साडेचाराच्या वर वीस हजार गेला. ते भाचीने दोन हप्त्यांत देण्याचे ठरले आणि बाईंनी ते मान्य केले. लिलाव बंद असतात त्या दिवशी उपबाजाराच्या मोकळ्या आवारात तिने सराव केला. मी एकच गोष्ट बजावली, की डावा पाय आसनाकडे ओढून ठेवायचा, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही उजव्याच पायाने. ऑटोमॅटिकचा मोठा धोका तोच आहे, की दोन पाय दोन पट्ट्यांवर गेले तर घाबरल्या क्षणी दोन्ही दाबले जातात.

हे दादाने ऐकले नव्हते. पहिल्या रविवारी त्याने किल्ली मागितली, ऐटीत बसला, आणि फाटकाशी वेग कमी करताना तीस वर्षांच्या सवयीने डावा पाय क्लच शोधत पूर्ण जोराने खाली दाबला. तिथे ब्रेक होता. गाडी जागच्या जागी थिजली, डॅशबोर्डवरचा गणपती वहिनीच्या मांडीवर आला. “हिला हात-पाय लावायला जागाच नाही,” असे म्हणून त्याने किल्ली परत दिली ती आजतागायत मागितलेली नाही. भाच्याला तर मित्रांत ही गाडी नेण्याची लाजच वाटते. त्याच्या तोंडचा शब्द तोच जुना, आणि भाची तो ऐकून घेते. किल्ली तिच्या पर्समध्ये असते.

परवा वहिनीचा फोन आला. इकडचे तिकडचे झाल्यावर तिने विचारले, शिकाऊ परवान्याला काय काय कागद लागतात. मी सांगितले, वयाचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, आणि चाळिशी उलटलेली असल्यामुळे डॉक्टरांचा दाखला. ती थोडा वेळ थांबली. मग म्हणाली, “चांदोरीच्या डॉक्टरचा चालंल का? नाहीतर तुमच्या दादाला कळंल.”