हसा, पण पाटी कुणासाठी लावलीय तेही बघा

सध्या फेसबुक उघडलं की जपानचा एक तरी व्हिडिओ समोर येतोच. त्यात दोन प्रकार असतात. पहिल्यात कुणीतरी परदेशी पर्यटक टोकियोच्या फुटपाथवर उभा राहून सांगतो, ‘इथे कचराकुंडी नाही आणि कचराही नाही!’ दुसऱ्यात तोच पर्यटक तिथल्या हॉटेलातलं मोडकंतोडकं इंग्रजी मेनूकार्ड दाखवून खो खो हसतो. आपण दोन्ही शेअर करतो. आधी ‘शिका काहीतरी’ म्हणून, मग ‘हसून मेलो’ म्हणून.

पहिल्या प्रकारात खोटं काही नाही. शाळेतली पोरं आपला वर्ग स्वतः झाडतात, पुसतात. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्सुकुबा एक्स्प्रेस ही लोकल एका स्टेशनवरून ९ वाजून ४४ मिनिटं ४० सेकंदांऐवजी २० सेकंद आधी सुटली. एकाही प्रवाशाची तक्रार नव्हती, तरी कंपनीनं जाहीर माफी मागितली. आपण ‘गाडी अर्धा तासच लेट आहे’ म्हणून खूश होणारी माणसं. आपल्याला याचं नवल वाटणारच.

पण व्हिडिओत अर्धीच गोष्ट असते. रस्त्यावरच्या कुंड्या कमी होण्यामागं १९९५ मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत झालेला सरीन वायूचा हल्लाही आहे. त्यानंतर सार्वजनिक जागांवरच्या बऱ्याच कुंड्या काढून टाकल्या. लोक कचरा पिशवीत घालून घरी नेतात. आणि त्या वेळेवर धावणाऱ्या गाडीत उभ्या उभ्या डुलक्या घेणारा नोकरदारही असतो. कामाच्या ताणानं येणाऱ्या मृत्यूला तिथं ‘कारोशी’ असा स्वतंत्र शब्द आहे आणि तो रोखण्यासाठी २०१४ साली कायदा करावा लागला. हे रीलमध्ये कुणी दाखवत नाही.

आता दुसरा प्रकार. हसायला येतं हे मान्य. २०१९ मध्ये ओसाका मेट्रोच्या इंग्रजी वेबसाइटवर ‘साकाईसुजी’ मार्गाचं नाव ‘साकाई मसल’ असं झळकलं. ‘सुजी’ म्हणजे रस्ता आणि ‘सुजी’ म्हणजे स्नायूसुद्धा. मशीननं स्नायू उचलला. ‘तेंगाचाया’ स्टेशनचं झालं ‘वर्ल्ड टीहाऊस’. बोभाटा झाल्यावर ती पानं बंद करावी लागली. १९८० पासून विकलं जाणारं ‘पोकारी स्वेट’ नावाचं पेय आहे. घाम गेल्यावर प्यायचं म्हणून हे नाव, पण इंग्रजी माणसाला वाटतं बाटलीत घामच भरलाय!

ही थट्टा आजची नाही. बेसिल हॉल चेंबरलेन नावाचे इंग्रज प्राध्यापक जपानमध्ये शिकवत होते. १८९० साली निघालेल्या ‘थिंग्ज जॅपनीज’ या त्यांच्या पुस्तकात दुकानांच्या पाट्यांवरच्या विनोदी इंग्रजीवर वेगळं प्रकरण आहे. म्हणजे सव्वाशे वर्षांहून जास्त काळ हाच विनोद चालू आहे. त्या काळात जपाननं कारखाने उभारले, बुलेट ट्रेन धावली, जगाला कॅमेरे आणि गाड्या विकल्या. इंग्रजी काही सुधारली नाही. कुणाचं अडलं?

उलट त्यांनी इंग्रजी शब्द बिनधास्त आपले करून टाकले. तिथं ‘मॅन्शन’ म्हणजे फ्लॅटची इमारत, ‘कन्निंग’ म्हणजे परीक्षेतली कॉपी, ‘व्हायकिंग’ म्हणजे बुफे. हसू आलं? मग आपली ‘डिकी’, ‘स्टेपनी’ आणि ‘कटिंग’ लंडनमध्ये मागून बघा. आणि तिकडं जे ‘कन्निंग’, तेच आपल्याकडं ‘कॉपी’. दोन्ही शब्द इंग्रजांचे, अर्थ आपापले. आपण जपान्याच्या इंग्रजीला हसतो तेव्हा मनात कुठंतरी ‘आपलं बरं आहे’ असा भाव असतो. इंग्रजी चुकलं की माणूस अडाणी, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय.

मला महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट, आणि तिचा व्हिडिओ कुणी मला पाठवलेला नाही. १७ जानेवारी १९९५ ला कोबे भागात भूकंप झाला. ६,४०० हून जास्त माणसं गेली. तिथं राहणाऱ्या परदेशी लोकांना ना जपानी सूचना कळल्या ना इंग्रजी, कारण त्यातल्या पुष्कळांना इंग्रजीही येत नव्हतं. यावर अभ्यासकांनी काढलेला मार्ग म्हणजे ‘यासाशी निहोंगो’, सोपी जपानी. छोटी वाक्यं, घरातले शब्द. ‘हिनान’ या कागदी शब्दाऐवजी ‘निगेते’, म्हणजे सरळ ‘पळा’. १ जानेवारी २०२४ ला नोतो भागात भूकंप झाला तेव्हा तिथल्या सार्वजनिक वाहिनीच्या पडद्यावर लहान पोरालाही वाचता येईल अशा लिपीत मोठ्ठ्या अक्षरात हेच होतं : त्सुनामी! पळा!

हे वाचलं आणि मला आमच्याकडच्या पावसाळ्याची आठवण झाली. धरणाचे दरवाजे उघडले की आम्हा पत्रकारांच्या ग्रुपवर प्रेसनोट येते. ‘अमुक हजार क्युसेक विसर्ग सुरू करण्यात येत असून सखल भागातील नागरिकांनी सतर्कता बाळगावी.’ भाषांतर नाही, मशीन नाही, अस्सल मराठी. आणि नदीकाठच्या वस्तीतून फोन येतो, ‘भाऊ, विसर्ग म्हंजे काय? पाणी कुठवर येनार? म्हशी सोडू का?’

त्या माणसाला तीनच गोष्टी हव्या असतात. पाणी किती वाजता येणार, कुठल्या खुणेपर्यंत येणार आणि आपण जायचं कुठं. म्हणजे असं : ‘रात्री दहापर्यंत मारुतीच्या पारापर्यंत पाणी येईल. म्हशी सोडा. शाळेत या.’ एवढं लिहायला पदवी लागत नाही, पण प्रेसनोटमध्ये ते कधी येत नाही.

ओसाकाच्या ‘मसल’मुळे कुणी बुडालं नाही. चूक दिसली, लोक हसले, पानं उतरवली. आपली प्रेसनोट व्याकरणानं शुद्ध असते, त्यामुळे तिला कुणी हसत नाही आणि ती कुणी बदलतही नाही.

तुमच्या गावात अशी न कळणारी सूचना किंवा पाटी असेल तर फोटो कमेंटमध्ये टाका. खाली सोप्या मराठीत आपणच लिहून काढू. पावसाळ्याआधी तेवढं तरी होऊ दे.