आंधी भुई पाय

रंगकाम शिकायला आलेला पोरगा पहिल्यांदा शिडी खांद्यावर घेतो तेव्हा त्याची नजर वर असते. सज्जा किती उंच, टोक कुठे टेकवायचं, तिथून हात कुठवर पुरेल. आमचे मिस्त्री त्याला अर्ध्या वाटेत थांबवायचे. "आंधी भुई पाय, मंग भीत पाय." म्हणजे आधी जमीन बघ, मग भिंत. मिस्त्री आता नाहीत, पण मी माझ्या पोरांना अजून तेच सांगतो, आणि जसजशी वर्षं जातात तसतसं मला ते जास्त पटत जातं. भिंत एकदा बांधली की बांधली. वऱ्हाडातली भुई उन्हाळ्यात एक, पावसाळ्यात दुसरी आणि दिवाळीला तिसरीच असते.

आमच्याकडे गावाच्या जमिनीचे पूर्वापार दोन भाग. वस्तीची ती पांढरी, पिकाची ती काळी. पांढरी पिढ्यान्‌पिढ्यांच्या वर्दळीने धुम्मस केल्यासारखी बसलेली असते, तिच्यावर शिडी बिनघोर उभी राहते. जुन्या अमरावतीत परकोटाच्या आत, अंबागेट-खोलापुरी गेटकडच्या बोळांत, अडचण असते ती नालीची. भिंतीला लागून नाली, म्हणून शिडीचा एक पाय फरशीवर तर दुसरा नालीच्या काठावर. तिथे शिडी चार हात सरकवायची आणि दोन्ही पायांना फरशी मिळेल अशी जागा शोधायची, भले रंगाचा पट्टा दोनदा करावा लागो.

पण शहरं वाढली ती काळीवर. अमरावतीतले, अकोल्यातले नवे लेआउट पाहा. किती तरी ठिकाणी कालपरवापर्यंत कपाशी नाही तर तूर उभी होती. घर होतं, आवारभिंत होते, घराभोवतीची दहा फूट जागा काळी मातीच राहते. आमची शिडी नेमकी तिथेच लागते.

या मातीत स्मेक्टाइट जातीची चिकणमाती असते. पाणी मिळालं की ती फुगते, वाळली की आकसते. मे महिन्यात कोपरापर्यंत हात जाईल अशा भेगा पडतात आणि दोन-चार पावसांत त्याच भेगा मिटतात. इमारतीच्या इंजिनियरांना हे चांगलं ठाऊक आहे. काळ्या मातीसाठी खाली गाठ फुगवलेले खांब-पाये घालतात. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने ती पद्धत आपल्याकडे रुजवली. असे पाये साधारण साडेतीन मीटर खोल नेतात, जिथवर पावसाळ्या-उन्हाळ्याचा फरक पोचत नाही. घराला तो आसरा मिळतो. शिडीला वरच्या वीतभर मातीवरच भागवावं लागतं, म्हणून ती वीतभर माती वाचता आली पाहिजे.

उन्हाळ्यात धोका भेगेच्या काठाचा. माणूस खाली असतो तोवर काठ टिकतो. तो सहाव्या-सातव्या दांड्यावर जातो, भार एका पायावर येतो आणि ढेकूळ सुटतं. त्यामुळे मेमध्ये शिडी लावण्याआधी आम्ही जागा सब्बलीने ठोकून बघतो. आवाज पोकळ आला की जागा बदलायची. दिवाळीच्या आसपास उलटा फसवा प्रकार असतो: वरचा पापुद्रा वाळलेला, पांढुरका, पाय दिला तर टणक लागतो, आणि खाली चार बोटांवर ओल. पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यातल्या गावांत, हे फार जपावं लागतं. तिथल्या मातीत सोडियम जास्त, त्यामुळे ओली झाली की तिचे कण सुटे होतात, पाणी मुरत नाही आणि निसरडेपणा कितीतरी दिवस जात नाही. अशा जमिनीवर दोन पायांखाली दोन वेगळे तुकडे ठेवू नयेत. एकच लांब फळी हवी, नऊ इंच रुंद, मागच्या कडेला पट्टी ठोकलेली, म्हणजे शिडी मागे सरकणार नाही. दोन तुकडे ठेवले तर प्रत्येक आपापल्या मनाने खचतो. एक फळी खचली तरी दोन्ही पायांना बरोबर घेऊन खचते.

एक पाय खाली गेला म्हणून काय होतं, हे पोरांना आकड्यांत सांगितलं की लवकर कळतं. बांबूच्या शिडीच्या दोन पायांत साधारण ४० सेंटिमीटर अंतर असतं. एक पाय ५ सेंटिमीटर खाली असेल तर शिडी ८ भागांत १ भाग कलते. म्हणजे ६ मीटर उंचीवर टोक ७५ सेंटिमीटर बाजूला. पायाशी तीन बोटं, डोक्याशी दीड हात! आणि त्या टोकाशी एका हातात ब्रश, आकड्याला डबा लटकवलेला, असा माणूस उभा असतो. खाली उभ्या असलेल्या मालकाला शिडी सरळच दिसते, कारण तो पायाजवळ उभा असतो. आम्ही शिडीपासून दहा पावलं मागे येतो, घराच्या कोपऱ्याशी किंवा खिडकीच्या उभ्या चौकटीशी तिची रेघ जुळवतो, आणि मगच चढतो. पाणसळ असेल तर खालच्या दांड्यावर ठेवतो. पाणसळीत बुडबुडा मध्ये आला की पुढचं बोलायचं.

जमीन उतरती असेल तर सगळ्यांचा हात आधी विटेकडे जातो. खालच्या पायाला वीट, विटेवर फरशीचा चिप्पा, त्यावर गिट्टी, एकदा तर कोणी डिस्टेंपरचा रिकामा डबा ठेवलेला मी पाहिला आहे. माझं मत या बाबतीत ठाम आहे: खालचा पाय उचलू नये, वरचा पाय उतरवावा. विटेखालचा सांधा, विटांमधला सांधा, विटेवरचा सांधा, असे तीन ठिकाणी निसटायचे रस्ते आपणच तयार करतो, तेही शिडीवर चढल्यावर ज्या बाजूला जास्त भार येतो नेमक्या त्याच बाजूला. त्याऐवजी चढाकडच्या पायाखाली टिकास घालून खोबण करा. चार-पाच इंचांची खोबण खणायला काळ्या मातीत पाच मिनिटं लागत नाहीत. पाय तिच्यात बसला की तो बाजूलाही जात नाही, मागेही जात नाही. काम झालं की माती ओढून पायाने दाबायची. घरमालकिणीची तुळस तिथे असेल तर आधी विचारायचं, एवढंच.

फरशीवर किंवा सिमेंटच्या रॅम्पवर खणता येत नाही. तिथे खालच्या पायाला जोडपाय लावतो: जाड बांबूचा हातभर तुकडा, शिडीच्या पायाला दोन ठिकाणी सुतळीने आवळून, वर तारेचा फेर. ॲल्युमिनियमच्या शिड्यांना आता खाली-वर होणारे तयार पायही मिळतात, तेही चांगले. पण अकोल्याच्या मेमध्ये पारा ४५ च्या पुढे गेला की ॲल्युमिनियमला दुपारी हात लावता येत नाही, आणि विजेच्या तारांजवळ तर ती शिडी मी येऊच देत नाही.

बांबूची शिडी मला अजूनही आवडते ती नुसत्या सवयीने नाही. मेळघाटातला मानवेल बुंध्याकडे जवळजवळ भरीव असतो. शिडीला बांबू निवडताना दोन्ही एका जाडीचे, पेरं साधारण एका अंतरावर आलेली, आणि बुंधा खाली. पाय कापायचा तो गाठीच्या जरा खाली, कारण गाठीशी आतून पडदा असतो. गाठीच्या वर, पेराच्या मध्यावर कापला तर नळी उघडी राहते. दगडावर ठेवून भार दिला की ती उभी चिरते. दांड्याची भोकं पाडली की भोकाच्या वर-खाली तारेचे वेढे. परतवाड्याच्या लाकूडबाजारात हे सगळं न सांगता करून देणारी माणसं अजून आहेत. घाईत घेतलेली शिडी पाहिली की पायाशी पहिल्यांदा बघावं: गाठ कुठे आहे?

चिखलदऱ्याला काम घेतलं की आणखी एक गोष्ट समोर येते. गाव सुमारे ११०० मीटर उंचीवर, माती पातळ, खाली मुरूम आणि काळा पाषाण. बंगले उतारावर बसवलेले. कधी जमीन भिंतीच्या लांबीने उतरते, कधी भिंतीपासून दूर उतरत जाते. हे दोन उतार वेगळे आहेत, आणि दुसरा जास्त वाईट. ब्रिटनच्या आरोग्य आणि सुरक्षा विभागाच्या सूचनांत पहिल्यासाठी १६ अंशांची मर्यादा आहे, दांडे समतल केल्यावर. दुसऱ्यासाठी फक्त ६ अंशांची.

का, ते हिशोबाने बघू. सपाट जमिनीवर चार भाग उंचीला एक भाग अंतर, हा जगभरचा नियम. त्याप्रमाणे लावलेल्या शिडीवर ७० किलोचा माणूस टोकाजवळ गेला तर पाय मागे सरकवणारा जोर सुमारे १६ किलोचा. शिडी ४५ अंशांत पाडून लावली तर तोच जोर ६३ किलोच्या आसपास. हे सपाटीवरचं झालं. आता जमीन भिंतीपासून दूर १० अंशांनी उतरत असेल, तर बरोबर चारास एक लावूनही पाय धरून ठेवायला सपाटीच्या जवळपास दुप्पट पकड लागते. चिखलदऱ्याच्या पावसात, शेवाळलेल्या मुरमावर, ती पकड कुठून येणार? म्हणून तिथे आम्ही शिडीसाठी जमिनीत पायरीच कोरतो, तळ किंचित भिंतीकडे झुकलेला. खालच्या दांड्याला कासरा बांधून तो खिडकीच्या गजाला किंवा भिंतीकडे ठोकलेल्या खुंट्याला ताणतो. वरचं टोकही बांधतो. ते बांधायला जो पहिल्यांदा चढतो त्याच्यासाठी खाली एक जण पाय देऊन उभा राहतो, नंतरही दोर सोडेपर्यंत हलत नाही. पाऊस सुरू झाला तर काम बंद. मालक पुण्याहून फोन करतो, पाहुणे यायचे आहेत म्हणतो, तरी बंद.

रंगकामात भिंत तरी असते. संत्र्याच्या बागेत तीही नाही. माझी सासुरवाडी मोर्शीकडची, त्यामुळे तोडा दरवर्षी जवळून बघतो. झाडं सहा-सहा मीटरवर, मध्ये आळी, ठिबकच्या नळ्या, वखराची ढेकळं. चार पाय सारखे टेकतील अशी जागा सापडणं कठीण. आंबिया बहाराचा तोडा ऑक्टोबरपासून, तेव्हा खाली ओल. मृगाचा फेब्रुवारी-मार्चमध्ये, तेव्हा भेगा पडायला लागलेल्या. मजूर साधी शिडी झाडाला टेकवतात. सासरे एकदा मला अशाच शिडीवर चढताना बघून म्हणाले, "जवाईबापू, आपन झाडाले टेका देतो, झाडाचा टेका घेत नाई." खरंच होतं. फळांनी वाकलेल्या फांद्यांना बागेत जागोजागी बांबू लावलेले असतात. जी फांदी स्वतःचा भार पेलत नाही तिच्यावर माणूस कसा सोडायचा?

रंगाऱ्याचा चार पायांचा घोडा इथे डुगडुगतो, कारण चौथा पाय नेहमी कुठल्या तरी खळग्यावर येतो. तीन पाय कसल्याही जमिनीवर एकदम टेकतात. तीन बिंदूंतून एक प्रतल जातंच, भूमितीत शिकलेलं. जपानी माळी झाडं छाटायला तीन पायांची शिडी वापरतात, अमेरिकेतल्या फळबागांतही तीच. आपल्याला ती परकी वाटायचं कारण नाही. खळ्यावर धान्य उपणायला आपल्या आज्या तिवईवरच उभ्या राहायच्या, तीही ओबडधोबड जमिनीवर, हातात भरलेलं सूप घेऊन.

बागेसाठी आम्ही अशी शिडी करून घेतली. दोन बांबू खाली हातभर-दोन हात फाकलेले, वर निमुळते, आणि शेंड्याशी एका बोल्टवर फिरणारा तिसरा पाय. एकच काठी असल्याने तो पानोळ्यातून आत खोडाजवळ जातो, फांद्या मोडत नाहीत. धुऱ्याजवळच्या उतारावर तिसरा पाय चढाकडे ठेवायचा, म्हणजे रुंद बाजू उताराकडे राहते आणि चढणारा चढाकडे झुकतो. मातीत पाय थोडे रुततात, ते बरंच; सिमेंटच्या ओट्यावर मात्र तिसऱ्या पायाला साखळी लावल्याशिवाय उभी करायची नाही, पाय फाकत जातो. आणि कुठल्याही शिडीवर पोट दोन बांबूंच्या मधेच ठेवायचं. लांबचं एक फळ दिसलं की हात ताणला जातो. त्या फळासाठी खाली उतरून शिडी सरकवावी.

बाग व्यापाऱ्याला उक्ती देताना भावाची बोली होते, गळीची होते, तोड्याच्या तारखेची होते. शिडीची होत नाही. मजूर व्यापाऱ्याचे, बाग मालकाची, आणि शिडी गोठ्यामागे जी पडली असेल ती, एखादा दांडा सुतळीने बांधलेली. तोडणाऱ्यांत बायाही असतात, शाळेतून सुटलेली पोरंही असतात, आणि कोणी काही विचारत नाही. यंदाच्या आंबियाच्या सौद्यात मी मेहुण्याला एक ओळ वाढवायला लावली: तोड्याच्या शिड्या मालक देईल, त्या तीन पायांच्या असतील, झाडाला शिडी टेकवून कोणी चढणार नाही. व्यापारी कुरकुर करेल असं मेहुण्याला वाटलं होतं. व्यापाऱ्याने कागद दोनदा वाचला, आणि आपल्या दुसऱ्या बागांसाठी अशा शिड्या कोण करून देईल ते विचारलं. मी त्याला परतवाड्यातल्या सुताराचा नंबर दिला, आणि सांगितलं की बांबू घेताना स्वतः जा.