पेंटिंगचे पैसे

घर सोडताना डिपॉझिटमधून ‘पेंटिंगचे’ म्हणून महिन्याचं भाडं कापायचं, हे पुण्या-मुंबईत इतकं रुळलंय की एजंट ‘पद्धतच आहे’ म्हणून मोकळा होतो. वर्षानुवर्षं भाड्याच्या घरांत राहून माझं मत पक्कं झालंय: जो पैसे कापतो, हिशेब त्याने द्यावा. डिपॉझिट घरमालकाच्या खात्यात असलं तरी ते भाडेकरूचंच असतं. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सच्या करारावर मुद्रांक शुल्क आकारताना सरकार परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज गृहीत धरतं. म्हणजे लाखाच्या डिपॉझिटवर वर्षाकाठी दहा हजारांचा लाभ मालकाच्या बाजूला कागदोपत्री मांडलेला असतोच. वर भिंतींचा खर्चही आमच्याच माथी!

राहत्या घराच्या भिंती मळतात, नळ सैल होतात, ओट्याची चकाकी जाते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १०८ व्या कलमात भाडेपट्ट्याने राहणाऱ्यावर घर चांगल्या स्थितीत परत करण्याची जबाबदारी आहे, पण वाजवी वापराने होणारी झीज त्यातून वगळलेली आहे. लिव्ह अँड लायसन्स म्हणजे भाडेपट्टा नव्हे, हा आक्षेप तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. पण वापराचे पैसे दरमहा घेतल्यावर त्याच वापराची खूण नुकसान कशी ठरते, याचं उत्तर त्याने मिळत नाही. समजा, रंग पाच वर्षं टिकतो आणि भाडेकरू दोन वर्षं राहिला. त्याने भिंत खरोखर खराब केली असली, तरी नव्या रंगाचा पूर्ण खर्च त्याच्याकडून घेणं म्हणजे जुन्याच्या बदल्यात नवं पदरात पाडून घेणं.

‘पण तुम्ही सही केलीत ना?’ हा सगळ्यांत वजनदार आक्षेप. पेंटिंगची ठरावीक रक्कम करारातच असेल, तर भाडेकरूची बाजू लंगडी पडते, हे मान्य करायला हवं. मग ते सरळ भाडं म्हणून लिहावं. ‘नुकसान’ म्हणू नये आणि त्यावर डीप क्लीनिंगचा आकडा चढवू नये. करारभंगाचा दंड म्हणून डिपॉझिट जप्त करण्याची अट मात्र सहीने आपोआप पवित्र होत नाही. १८७२ च्या करार कायद्याचं ७४ वं कलम वाजवी भरपाईच देतं, आणि कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या २०१५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की मुळात तोटा झालेला असायला हवा. तो वाद भूखंडाच्या बयाण्याचा होता, पण तर्क इथेही लागू पडतो.

घरमालकांचीही बाजू आहे. फुटलेलं बेसिन, थकलेलं लाइट बिल यांचे पैसे जरूर कापावेत. बिल आणि फोटो दाखवले की माझी तक्रार नाही. पण कायद्याचा तोल आधीच त्यांच्याकडे झुकलेला आहे. भाडे नियंत्रण कायद्याच्या २४ व्या कलमानुसार मुदत संपूनही घर न सोडणाऱ्याला दुप्पट दराने पैसे भरावे लागतात. डिपॉझिट अडवणाऱ्यासाठी त्या कलमात तसं काहीच नाही. म्हणून अनेक जण शेवटच्या दोन महिन्यांचं भाडंच देत नाहीत. मला ते पटत नाही, कारण त्याने करारभंग आपल्या नावावर लागतो. त्यापेक्षा ताबा घेताना आणि सोडताना रिकाम्या घराचा व्हिडिओ काढावा, चाव्या दिल्याची लेखी पोच घ्यावी, आणि कपातीची बिलं मेसेजवर नव्हे, स्पीड पोस्टाने मागावीत.