लंडनचा शेवटचा दिवस

गेल्या मे महिन्यात पंधरा दिवस लंडनला राहून आलो. अकोल्याच्या एका कारकुनाला लंडन कुठून परवडणार? पण माझी पुतणी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती मिळवून तिथे शिकते आहे. तिने फारच आग्रह धरला. मग भविष्यनिर्वाह निधीतून उचल घेतली अन् गेलो.

परतीचे विमान रात्री होते. सारा दिवस हाताशी होता. पुतणी म्हणाली, "काका, सकाळी बाबासाहेबांचं घर, मंग म्युझियम. अन् जाता जाता एक पब पाहू."

पबचे नाव ऐकताच माझा चेहरा उतरला. तिचा बाप, माझा धाकटा भाऊ, अमरावतीच्या धान्य बाजारात हमाली करायचा. दारूनेच गेला. तेव्हा ही पोर आठवीत होती. तिनेच मला दारूच्या गुत्त्यावर न्यावे? पण शेवटच्या दिवशी वाद नको, म्हणून गप्प बसलो.

किंग हेन्रीज रोडवरचे १० नंबरचे घर रांगेतल्या घरांपैकीच एक आहे. १९२१-२२ साली बाबासाहेब इथे राहिले. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला स्मारक म्हणून त्याचे उद्घाटन झाले. पाटीवरचे नाव वाचले, उंबऱ्याशी हात जोडले. डोळे भरून आले.

तिथून चॉक फार्मला भुयारी रेल्वे धरून टॉटनहॅम कोर्ट रोडला उतरलो. ब्रिटिश म्युझियम तिथून पायी जवळच आहे. आत जायला तिकीट लागत नाही. मधोमध १८५७ साली उघडलेले गोल वाचनालय आहे. विद्यार्थिदशेत बाबासाहेब सकाळी दार उघडताच इथे येत आणि बंद होईपर्यंत वाचत. पोटाला चिमटा घेऊन वाचत. ती पुस्तके आता ब्रिटिश लायब्ररीच्या वेगळ्या इमारतीत आहेत.

एका दालनावर 'अमरावती' हे नाव वाचून मी थबकलोच. पुतणी हसली, "काका, हे आपलं अमरावती नोहे!" ते आंध्रातल्या, कृष्णाकाठच्या अमरावतीच्या स्तूपाचे दगड आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे. १८५९ साली ते जहाजाने लंडनला आणले. कमळे, बोधिवृक्ष, रिकामे आसन, पावलांचे ठसे असे सुंदर कोरीव काम आहे. आपला वारसा काचेमागे पाहताना अभिमान वाटला अन् वाईटही वाटले.

बाहेर आलो तर समोरच, रस्त्यापलीकडे 'म्युझियम टॅव्हर्न' नावाचा जुना पब. पाय उचलेना. पुतणी म्हणाली, "काका, पाच मिनिटं बसू. नाही पटलं तं उठू."

पब म्हणजे पब्लिक हाऊस, लोकांचे घर. आपण काउंटरवर जायचे, मागायचे, तिथेच पैसे द्यायचे. एक म्हातारा एकटाच पेपर वाचत होता. दोन बायका पिशव्या ठेवून गप्पा मारत होत्या. एक कुटुंब मुलांसह जेवत होते. पुतणीने दोन पेले सफरचंदाचा रस आणला. आमच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिले नाही.

ती म्हणाली, "मैत्रिणींसोबत मी इथंच बसतो. त्या बियर घेतात, मी रस. बाबाची आठवण येते, म्हनून तुमाले दाखवलं. दारूनं घरं इथंही बुडतात काका. पन बसाले जागा हाय."

हे शब्द मी आधी ऐकले होते. आमच्या वस्तीतले दारूचे दुकान बंद व्हावे म्हणून आम्ही आडव्या बाटलीसाठी मतदान घडवून आणले होते. अर्ध्याहून अधिक महिला मतदारांची मते आडव्या बाटलीला पडली असती तर दुकान बंद झाले असते. आमची मते कमी पडली. तेव्हा एक माउली म्हणाली होती, "भाऊ, दुकान बंद झालं तं आमचा बुढा दुसरीकडे जाईन. सांजच्याले त्याले बसाले जागा कुठी हाय?" मी तिला पंचशीलातले पाचवे शील समजावून सांगितले. तिच्या प्रश्नाचे उत्तर मात्र दिले नाही. माझा भाऊसुद्धा दिवसभर पोती वाहून दहा बाय दहाच्या खोलीत किती वेळ बसणार होता? मी त्याला उपदेश खूप केला. त्याच्याजवळ जाऊन बसलो किती वेळा?

रात्री विमानात बसलो, मग मुंबईहून अमरावती एक्स्प्रेसने सकाळी अकोल्याला उतरलो. त्याच आठवड्यात वस्तीतल्या कार्यकर्त्यांना गोळा केले. आता विहाराशेजारची खोली रोज संध्याकाळी सात ते नऊ उघडी असते. दोन वर्तमानपत्रे, एक कॅरम अन् चहा. कधी नऊ जण येतात, कधी तीनच. त्या माउलीचा नवरा अजून आलेला नाही. मी रोज त्याच्या दारावरून हाक मारून जातो.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या वस्तीतल्या विहाराचे दार संध्याकाळी उघडे असते का, एकदा पाहून या. जयभीम.